'चायनामन, लाँड्रीमन' या गाण्यात पियानो आणि आवाज एकमेकांना भेटत का नाहीत?

अमेरिकन संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगरचं हे १९३२ सालचं गाणं दोनतीनदा ऐकूनही पियानो एकीकडे आणि गायिका दुसरीकडे चाललेली वाटते, तर रेकॉर्डिंगमध्ये दोष आहे का, असं तुम्ही विचारलंय. दोष नाही. दोघांनी भेटू नये अशाच बेतानं ते लिहिलंय.

आपल्याला सवय भावगीताची. तिथे पेटी गळ्यामागे सावलीसारखी चालते, तबला समेवर आणून सोडतो. ती अपेक्षा घेऊन इथे बसलात तर दुसऱ्याच ओळीला कंटाळाल.

आधी शब्द बघा. कविता एच. टी. त्सियांग या न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या चिनी कवीची. बोलणारा माणूस लाँड्रीत राबतोय. शीर्षकातला पहिला शब्द तेव्हाही हिणवण्याचाच होता आणि माणूस त्यावरच उसळतो: मला माणूस म्हणू नका, मी गुलामाहून वाईट आहे. दुसऱ्यांच्या कपड्यांचा मळ निघतो, मग मनातला द्वेष का निघत नाही, असा त्याचा सवाल आहे. धू, वाळव, इस्त्री कर, हे हुकूम पुन्हापुन्हा येतात. शेवटी साबण आणि ब्रश ही क्रांतीची अवजारं होतात. अमेरिकेत १८८२ पासून चिनी मजुरांना देशबंदी होती, ती १९४३ मध्ये उठली. हे माहीत असलं की कवितेतला संताप कुठून आला ते कळतं.

आता पियानो. तो साथ देत नाही, राबतो. त्याचा भाग नऊ स्वरांच्या एका ठरावीक ओळीवर उभा आहे. ही ओळ जशीच्या तशी फिरत नाही, दर खेपेला एक पायरी सरकते: आधी १ ते ९, मग २ ते ९ आणि शेवटी १, मग ३ ते ९ आणि शेवटी १, २. शिवाय ती वेगवेगळ्या उंचीवरूनही येते. सप्तकातले बाराही स्वर एका ठरावीक ओळीत मांडायची ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्गची पद्धत असते, तिच्याशी याची गल्लत अनेक जण करतात. इथे स्वर बारा नाहीत, आणि खरा खेळ या सरकण्याचा आहे.

पेटी असेल तर करून बघा. स्वर माझे आहेत, गाण्यातले नाहीत: सा, कोमल ग, रे, तीव्र म, शुद्ध म, कोमल ध, प, कोमल नि, शुद्ध नि. सगळे एकाच सप्तकात, एकसारख्या लयीत, कुठेही न थांबता वाजवा. दुसऱ्या फेरीची सुरुवात कोमल ग वर करा आणि सा शेवटी टाका, तिसरीची रे वर करा. अशा नऊ फेऱ्या, म्हणजे ८१ स्वर झाले की पुन्हा मूळ ओळीवर याल. शेजारी स्वर बहुतेक तेच राहतात, त्यामुळे काहीतरी ओळखीचं फिरतंय असं वाटतं, पण सम कुठे आहे ते सापडत नाही. फेरी संपल्यावर नकळत थांबलात तर मात्र सगळा परिणाम गेला. यंत्र दम घेत नाही.

आवाजाची गोष्ट उलटी. तो अर्धा बोलतो, अर्धा गातो. वाक्य जसं चढतं-उतरतं तसा तो चढतो-उतरतो आणि पियानोच्या लयीकडे पाठ फिरवतो. हुकुमाचे शब्द तुटक येतात. कारखान्यातला यंत्राचा पट्टा चालूच आहे आणि माणूस त्याच्यावरून ओरडतोय, असं ऐका.

सादरीकरण फसतं ते बहुधा तीन ठिकाणी. पियानोवादक सवयीनं गायिकेसाठी थांबतो आणि यंत्र लगेच संगतकार होऊन बसतं. गायिका ऑपेराच्या थाटात स्वर लांबवते, मग शब्द कळत नाहीत, आणि या गाण्यात शब्द गेले तर उरतं काय? तिसरं म्हणजे सुरुवातीपासूनच आरडाओरडा. राग आधीच संपला तर शेवटच्या आवाहनाला जोर उरत नाही. तुमचं रेकॉर्डिंग पहिल्या कसोटीवर तपासा: गायिका थबकते तिथे पियानोही रेंगाळतो का? रेंगाळत नसेल तर वादन चांगलं आहे.

तरीही अंगावर येत असेल तर क्रम बदला. आधी कार्ल सँडबर्गच्या कवितेवरचं १९२९ चं 'व्हाइट मून' ऐका, त्यात पियानो अजून आवाजाच्या जवळ आहे. मग १९३० चं 'रॅट रिडल्स': खालच्या पट्टीचा स्त्री-आवाज, ओबो हे फुंकवाद्य, पियानो आणि तालवाद्यं, जो तो आपल्या वाटेनं. त्यानंतर १९३१ च्या स्ट्रिंग क्वार्टेटचा, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीच्या रचनेचा, शेवटचा भाग. त्यात पहिलं व्हायोलिन आधी एक, मग दोन, असं वीस स्वरांपर्यंत वाढत जातं आणि बाकीची तिघं विसापासून एकावर उतरतात, मग सगळं उलटं फिरतं. हुकूम सोडणारा आणि राबणारा हा सामना तिथे शब्दांविनाच ऐकू येतो. तो एकदा कानात बसला की १९३२ चं गाणं परकं वाटणार नाही.

ही बाई विस्मृतीत कशी गेली, हा तुमचा दुसरा प्रश्न. जन्म १९०१, ओहायोतला. १९३० मध्ये संगीतरचनेसाठी गुगेनहाइम फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची शिष्यवृत्ती मिळवणारी ती पहिली स्त्री. विसंवादी स्वरांच्या मांडणीचे नियम तिनं संगीतशास्त्रज्ञ चार्ल्स सीगरकडे गिरवले आणि १९३२ मध्ये त्याच्याशी लग्न केलं. मग मुलं, घर, पियानोच्या शिकवण्या, आणि मुख्य म्हणजे लोकगीतं. ध्वनिमुद्रणं पुन्हापुन्हा ऐकून ती नोटेशन उतरवत राहिली. हे काम तिनं मनापासून केलं, त्यामुळे संसारात गुदमरलेली प्रतिभा ही सोपी गोष्ट मला पटत नाही. पण स्वतःच्या रचना जवळजवळ थांबल्या हेही खरं. १९५२ मध्ये तिनं विंड क्विंटेट, म्हणजे पाच फुंकवाद्यांची रचना, लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी कॅन्सरनं गेली. 'वी शॅल ओव्हरकम' जगभर नेणारे लोकगायक पीट सीगर तिचे सावत्र चिरंजीव.

नोटेशन हवं असेल तर 'टू रिचेरकारी' या नावानं शोधा. हे गाणं आणि त्याचं जोडगाणं 'सॅको, व्हॅन्झेटी' ही त्याच नावाची जोडी आहे.