डेटिंग ॲपवर टाकायला छंदांचे फोटो कसे काढावेत? माझ्याकडे लग्नसमारंभातले फोटो सोडले तर काहीच नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३३, नवी मुंबईत ऐरोलीला आईवडिलांबरोबर राहता, महाप्याला नोकरी. आवडी म्हणजे तबला (शाळेत असताना शिकत होता, आता परत क्लास लावलाय), रविवारी मटण तुम्हीच करता, मराठी नाटकं बघता आणि जमेल तसं पक्षी बघायला जाता. मित्र म्हणतात छंदांचे फोटो हवेतच, पण मोबाइलमध्ये आहेत ते सगळे कुणाच्या ना कुणाच्या लग्नातले. मित्राची बाइक आणि गिटार घेऊन पामबीच रोडला फोटो काढले तर चालतील का, असंही विचारलंय.

गिटार मित्राला परत करा. मी या ॲपवर बराच काळ होते, समोरच्या बाजूने म्हणजे फोटो बघणारी म्हणून, त्यामुळे हे मनापासून सांगते. गिटारचा फोटो बघून जी मुलगी तुम्हाला लिहील ती गिटार आवडणारी असेल, आणि तिचा पहिला प्रश्न ‘काय वाजवतोस?’ हाच असेल. त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही. आणि जिला तबला ऐकायला आवडतो ती पुढे निघून गेलेली असेल, कारण तबला तिला दिसलाच नाही. बाइक तुमची नसेल तर तीही नको.

मुळात छंदाचा फोटो तुम्ही देखणे दिसावं म्हणून नसतो. त्या कामासाठी पहिला फोटो असतो: चेहरा स्वच्छ दिसणारा, गॉगल नसलेला, एकट्याचा. छंदाच्या फोटोने अनोळखी माणसाला तुमच्याशी बोलायला विषय द्यायचा असतो. हिंज या डेटिंग ॲपवर तर एखाद्या ठरावीक फोटोलाच लाइक करून तिथेच दोन ओळी लिहिता येतात. गाडीला टेकून उभ्या असलेल्या माणसाला काय लिहिणार? मी कितीतरी चांगली वाटणारी प्रोफाइलं एवढ्याच कारणासाठी सोडून दिली आहेत. माणूस बरा वाटायचा, पण बोलायला सुरुवात करण्यासारखं काही सापडायचं नाही.

माझा मावसभाऊ वाशीत राहतो, सायकलचं वेड आहे त्याला. त्याचे फोटो काढायला आम्ही सकाळी पामबीचला गेलो होतो. सायकलच्या बाजूला उभा राहून, हेल्मेट काखेत धरून, असे पुष्कळ काढले. सगळे दुकानातल्या जाहिरातीसारखे आले. मग त्याची चेन उतरली. तो फुटपाथवर उकिडवा बसला, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) एका हाताने पुढे ढकलून दुसऱ्या हाताने चेन चक्राच्या दात्यांवर बसवायला लागला, आणि मी तेव्हा काढला. बोटांना काळं ग्रीस, कपाळावर घाम, लक्ष पूर्ण चेनमध्ये. प्रोफाइलवर तोच फोटो चालला. लोक विचारायचे, कुठली सायकल, कुठपर्यंत जातोस, माझ्या सायकलचे गिअर अडकतात ते कशाने. हात कामात असलेला माणूस खरा दिसतो, आणि त्याला काय विचारायचं तेही लगेच सुचतं.

आता तुमचा तबला. तुमच्या हातातलं सगळ्यात चांगलं पान हेच आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ घालवा. वेगळे कपडे घालून, तबला पुढ्यात मांडून, कॅमेऱ्याकडे बघत हसू नका. रोज रियाजाला बसता तसे बसा आणि खरोखर वाजवा. जाणकार बघणाऱ्याचं लक्ष हातावर जातं. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला टेकलेली आहे का, तळवा कसा आहे, हे वाजवणारा आणि ऐकणारा दोघंही लगेच ओळखतात. बाजूला हातोडी, पावडरचा डबा, डग्ग्यावर (डाव्या हाताच्या) उठलेले पावडरचे पांढरे पट्टे, जुनी चुंबळ, हे सगळं राहू द्या. आवरून ठेवलंत तर फोटोतला जीव जाईल. आवरायचंच असेल तर मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे आवरा.

खिडकी तुमच्या एका बाजूला येईल असे बसा आणि घरातली ट्यूब बंद करा. ट्यूबचा आणि उन्हाचा उजेड वेगवेगळ्या रंगाचा असतो, दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळट येतो. थेट ऊन येत असेल तर ग्रिलच्या सावल्या तोंडावर पडतील, तेव्हा खिडकीवर पांढरी चादर लावा. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर, तबल्याच्या उंचीला ठेवा. वरून काढला की डोकं मोठं आणि हात चिमुकले दिसतात. डग्ग्याच्या बाजूने काढलात तर त्याचं चकचकीत भांडं पुढे येऊन उजवा हात मागे जातो, म्हणून तबल्याच्या बाजूने, जरा तिरकं. पाच-सहा फुटांवरून आणि दोन पट झूमवर काढा. फारच जवळून काढलं की नाक मोठं दिसतं, सेल्फीत दिसतं तसं. पोर्ट्रेट मोड इथे नको. मागचं धूसर करायच्या नादात तो तबल्याच्या वाद्या आणि चष्म्याच्या काड्या मधेच पुसून टाकतो. ब्यूटी फिल्टर बंद. आणि काढायच्या आधी लेन्स रुमालाने पुसा. खिशातल्या मोबाइलच्या लेन्सला बोटांचं तेल लागलेलंच असतं, आणि निम्मे धुरकट फोटो त्यामुळेच येतात.

एखादा रेला (वेगाने सलग वाजवायचे बोल) लावा आणि दोन-चार मिनिटं न थांबता वाजवत राहा, मोबाइल एकापाठोपाठ एक फोटो काढत राहू दे. बोटं थोडी हललेली आली तर चालेल, उलट छान दिसतात. चेहरा मात्र हललेला नको. हिंजवर अर्ध्या मिनिटापर्यंत आवाजातलं उत्तरही टाकता येतं. तिथे तुकडा वाजवून ठेवा, म्हणजे फोटो बघून कुतूहल वाटलं तर तिला लगेच ऐकता येईल.

मटणाच्या बाबतीत माझं मत: तयार रस्सा फोटोत चांगला येत नाही, तपकिरी दिसतो. वाटणाचा काढा. कढईत कांदा-खोबरं भाजताय, कडा काळपट व्हायला लागल्यात, उलथनं हातात, हा फोटो बघून लोक भांडायलाही तयार होतील की वाटणात खोबरं सुकं की ओलं! वाफ दिसायला हवी असेल तर उजेड कढईच्या मागून किंवा बाजूने यायला हवा आणि मागचा भाग जरा गडद हवा, समोरून उजेड टाकला की वाफ नाहीशी होते. मटण टाकलं तर शाकाहारी मुली निघून जातील ही भीती बाळगू नका. जिला घरात मटण शिजलेलं चालत नाही तिला ते आधी कळलेलं दोघांच्याही सोयीचं आहे. फ्रिजचं दार मात्र फोटोत घेऊ नका. त्यावर बाबांच्या औषधांची चिठ्ठी, विजेचं बिल, सोसायटीची नोटीस असलं सगळं असतं, आणि ते मोठं करून वाचता येतं.

नाटकाचं तुम्ही बरोबर म्हणालात, बघण्याचा फोटो काय काढणार? प्रयोग चालू असताना तर मोबाइल बाहेरही काढायचा नाही, नटांना त्याचा फार त्रास होतो आणि नाटक आवडणाऱ्या मुलीला तसला फोटो बघून रागच येईल. पण तुम्ही तिकिटं जपून ठेवता असं प्रश्नात लिहिलंय, त्यातच फोटो आहे. ती सगळी टेबलावर पसरा, खिडकीच्या उजेडात, आणि तुमचा हात त्यातलं एखादं उचलतोय असा वरून काढा. गडकरी रंगायतन, घाणेकर, वाशीचं भावे अशी नाट्यगृहांची नावं वाचता आली तर ठाण्या-नवी मुंबईतला नाटकवाला माणूस तिथेच थांबेल. स्वतःचा हवा असेल तर साडेचारच्या प्रयोगाला अर्धा तास आधी गडकरीला जा. थंडीच्या दिवसांत चारला ऊन तिरपं झालेलं असतं, समोर मासुंदा तलाव आहे. रांगेतल्या कुणाला तरी ‘एक फोटो काढता का?’ म्हणून विचारा, लोक आनंदाने काढून देतात. फोटोखाली शेवटी पाहिलेल्या नाटकाचं नाव आणि तुम्हाला ते का आवडलं किंवा का नाही, याची एक ओळ लिहा.

पक्ष्यांसाठी तर तुम्ही भाग्यवान आहात. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला, आणि बोट सुटते ती तुमच्याच ऐरोलीच्या केंद्रातून, भरतीच्या वेळेप्रमाणे. भरतीत खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की त्यातले बरेच फ्लेमिंगो नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात, त्यामुळे निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. आपल्याकडे खाडी पश्चिमेला आहे. सकाळी गेलात तर तोंडावर ऊन आणि मागे पाणी असं आपोआप जमून येतं, संध्याकाळी तुम्ही नुसते काळे दिसाल. मे महिन्याच्या दुपारी तर अजिबात नको. सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो (आपल्याकडचा वर्षातला पहिला शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावरच येतो) आणि डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. पक्षी फोटोत आलाच पाहिजे असं नाही. मोबाइलमध्ये तो गुलाबी ठिपकाच येणार. दुर्बीण डोळ्याला लावलेली, दुसऱ्या हातात वही, वहीत त्या दिवशी दिसलेल्यांची यादी, हे पुरे. जवळून मिळावा म्हणून चिखलात उतरून त्यांना उठवू मात्र नका. तसं करणारी माणसं बघितली की मला फार वाईट वाटतं, कारण हे पक्षी इथे चरायला आणि विसावा घ्यायला आलेले असतात.

फोटो काढायला कुणी नाही आणि लाज वाटते, असं लिहिलंय तुम्ही. लाज वाटणं अगदी साहजिक आहे. घरी ॲपबद्दल माहीत नसेल तर आईला सांगण्याची गरज नाही. ‘क्लासच्या ग्रुपवर टाकायचाय’ असली थापही नको. टायमर आहे, आणि बऱ्याच मोबाइलमध्ये पंजा दाखवला की टायमर सुरू होतो. त्यापेक्षा बरं म्हणजे मावसबहीण, आतेबहीण, ऑफिसातली मैत्रीण, जिच्याशी मोकळेपणाने बोलता अशी कुणीतरी. तिच्याशी गप्पा मारत मारत वाजवा.

जपायच्या दोन-तीन गोष्टी. महाप्याहून थेट कुठे गेलात तर गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवा, त्यावर कंपनीचं आणि तुमचं नाव असतं. सोसायटीचं गेट, गाडीची नंबरप्लेट फोटोत नको. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा. लिंक्डइनवर लावलेला फोटो इथे लावू नका, फोटोवरून शोध घेतला की पूर्ण नाव निघतं. क्लासमधला फोटो असेल तर गुरुजींना आणि बाकीच्यांना विचारल्याशिवाय त्यांचे चेहरे दाखवू नका, लहान मुलांचे तर नकोतच.

हिंजवर सहा फोटो टाकता येतात. त्यात पहिला चेहऱ्याचा, एक पूर्ण उंचीचा, आणि लग्नातला एखादा खुशाल ठेवा, पण ज्यात तुम्ही कोण हे शोधावं लागत नाही असा. राहिले तीन: तबला, कढई आणि तिकिटं किंवा दुर्बीण. निवडताना त्याच बहिणीला किंवा मैत्रिणीला फोटो दाखवा, पण ‘मी कसा दिसतोय’ असं विचारू नका. ‘मला ओळखत नसतीस तर हा बघून काय विचारलं असतंस?’ असं विचारा. तिला पटकन काही सुचलं तर तो ठेवा, नाही सुचलं तर कितीही देखणा आला असला तरी काढून टाका. फ्लेमिंगो थंडीत येतात आणि साधारण मेपर्यंत असतात. सध्या ते नसतील तर त्यांच्यासाठी थांबून राहू नका, या रविवारी तबला आणि मटण दोन्ही एकाच सकाळी उरकतील.