पोलंडपासून सुरुवात करा

पूर्वीचे साम्यवादी देश युरोपीय संघात कसे गेले, या विषयाच्या अभ्यासाला तुम्ही नव्याने सुरुवात करत आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की त्या सर्व देशांना एकाच मापाने मोजू नका. आरंभी एकच देश, शक्यतो पोलंड, निवडा. १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांच्या योजनेने बहुतेक किमतींवरील सरकारी नियंत्रण उठवले, तेव्हा संघाच्या सदस्यत्वाचे निकषही ठरलेले नव्हते. त्यामुळे बाजारव्यवस्थेकडे झालेले संक्रमण आणि युरोपीय संघात जाण्याची तयारी या दोन प्रक्रिया एकमेकींत गुंतलेल्या असल्या, तरी त्यांची गल्लत करू नका.

सदस्यत्वाचे हे निकष, म्हणजे जून १९९३ मधील कोपेनहेगनचे निकष, लवकर पाठ होतात. खरा कस लागतो तो पोलंडच्या प्रवेशासाठी १९९८ पासून झालेल्या वाटाघाटी वाचताना, आणि त्यांतही शेतीचे प्रकरण वाचताना. साम्यवादी राजवटीतही पोलंडची बहुतांश शेती खासगी हातांतच राहिली होती. या लहान शेतकऱ्यांना प्रवेशाच्या वर्षी, २००४ मध्ये, संघाच्या निधीतून थेट अनुदान जुन्या सदस्य देशांच्या पातळीच्या केवळ २५ टक्के मिळेल आणि पुढे ते टप्प्याटप्प्याने वाढेल, असे ठरले. उलटपक्षी, परदेशी नागरिकांच्या शेतजमीन-खरेदीवर १२ वर्षे निर्बंध ठेवण्याची मुभा पोलंडने पदरात पाडून घेतली. ही देवाणघेवाण प्रवेशकराराच्या मूळ मजकुरातूनच वाचा, कारण सारांशात नेमकी हीच घासाघीस गळून जाते. रोमानिया आणि बल्गेरिया यांना प्रवेशासाठी २००७ पर्यंत का थांबावे लागले, या प्रश्नाकडे त्यानंतर वळा.