एका रोटाव्हायरसची अनेक रूपे

प्रश्न : आमच्या वराहपालन केंद्रातील दूधपित्या पिलांना हगवण लागली, तेव्हा प्रयोगशाळेने ‘रोटाव्हायरस ए’ असा अहवाल दिला. पुढच्या वेतातही तशीच हगवण लागली, पण त्याच चाचणीत काहीच आढळले नाही. असे का व्हावे? घरातील लहान मुलांना यापासून धोका आहे का?
– एक वराहपालक

उत्तर : रोटाव्हायरस हे एका विषाणूचे नव्हे, तर मोठ्या गोतावळ्याचे नाव आहे. डुकरांमध्ये त्याचे प्रामुख्याने ए, बी, सी आणि एच हे गट आढळतात. ए गटासाठीची चाचणी सी गट दाखवत नाही, आणि सी गट तर अगदी कोवळ्या पिलांतही हगवण घडवतो. म्हणून एवढ्या अहवालावरून रोटाव्हायरस नाही असे समजू नये.

ए गटाच्या पोटातही विविधता मोठी आहे. बाहेरील आवरणातील दोन प्रथिनांवरून त्याचे जी आणि पी प्रकार ठरतात. डुकरांत जी ३, जी ४, जी ५, जी ९ आणि जी ११ वारंवार सापडतात. या विषाणूची जनुके आरएनएच्या ११ सुट्या तुकड्यांत असतात. आतड्याच्या एकाच पेशीत दोन वाण शिरले की तुकड्यांची सरमिसळ होऊन तिसराच वाण जन्माला येतो, आणि दूध तुटल्यावर निरनिराळ्या माद्यांची पिले एकत्र ठेवली जातात तेव्हा अशी संधी सहज मिळते. विष्ठेत विषाणू महिनोन्‌महिने टिकत असल्याने जुने वाणही गोठ्यातून हटत नाहीत.

डुकरीच्या वारेतून पिलाला प्रतिपिंडे मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. परंतु मादीला ज्या वाणाची ओळख झालेली नाही, त्याच्याविरुद्ध तिचा चीक तोकडा पडू शकतो. जंतुनाशक फवारण्याआधी विष्ठा पूर्णपणे खरवडून धुवावी, अन्यथा औषध विषाणूपर्यंत पोहोचतच नाही.

मुलांना डुकरांपासून थेट संसर्ग क्वचितच होतो. मात्र पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००९ मध्ये जी १ पी १९ या दुर्मीळ मानवी वाणात वराह विषाणूची जनुके मिसळल्याचे पुरावे प्रसिद्ध केले आहेत. त्यामुळे लहान मुलांना विण्याच्या जागेपासून दूरच ठेवावे आणि गोठ्यातील काम झाल्यावर मोठ्यांनी हात साबणाने धुवावेत. पुढील नमुना पाठवताना ए, बी आणि सी या तिन्ही गटांची चाचणी आवर्जून मागावी.