‘वेरमणी’पर्यंत श्वास पुरव

नाशिक,
रविवार रात्र

प्रिय बाळा,

सप्रेम जय भीम.

काल आपल्या भीमगीतांच्या तालमीनंतर तू काही न बोलता चपला घालून निघून गेलास. बोलायला तुझ्याकडे आवाज उरला नव्हता हे दिसत होतं, आणि राग आला होता तेही दिसत होतं. सोलो काढून घेतला आणि कोरसच्या मागच्या रांगेत उभं केलं, तेही सगळ्यांदेखत. सगळ्यांदेखत करायला नको होतं, ते माझं चुकलं. निर्णय मात्र चुकलेला नाही. समोर बसवून सांगितलं असतं तर उत्तर द्यायला तू पुन्हा घसा ताणला असतास, म्हणून लिहिते आहे.

आधी घशाचं. तीन आठवडे मी ऐकते आहे. वरचा सा लावतोस तेव्हा सुरुवातीला नुसती हवा येते आणि आवाज मागाहून फुटतो. आठवड्याच्या सुट्टीला जरा बरा असतो, कामावरून आलास की घोगरा. सर्दी म्हणून हे सोडून देऊ नकोस.

माझ्या सव्विसाव्या वर्षी मी नेमकं तेच केलं होतं. जयंतीचे दिवस, अकरा रात्रींत नऊ कार्यक्रम, आणि पाचव्या रात्रीपासून सर्दी. आलं आणि खडीसाखर चघळत गात राहिले. शेवटच्या रात्री अंतऱ्याच्या मध्यावर तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. ढोलकी चालू, पेटी चालू, माझे नुसते ओठ हलताहेत. पुढच्या रांगेतल्या बायकांना वाटलं माइक गेला. डॉक्टरांनी आरशातून पाहून सांगितलं की दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी आल्यात. ऑपरेशन टळलं, पण दोन आठवडे पूर्ण मौन आणि पुढे चार महिने आवाजाचे व्यायाम. भाजी कोणती करायची तेही मी पाटीवर लिहून दाखवायची. कुजबुजायलासुद्धा बंदी होती, कारण कुजबुजतानाही घसा आवळला जातो. हे सहसा कुणी सांगत नाही, म्हणून तुला सांगते. घसा बसला की कुजबुजू नकोस, गप्पच बस. आणि सारखं खाकरणंही सोड. खाकरताना दोन्ही तंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी पाण्याचा घोट घे.

तुझं नुकसान तालमीत होत नाही, अंबडला कंपनीत होतं. प्रेस शॉपमध्ये आठ तास मशीनवरून ओरडून बोलायचं आणि सुट्टीच्या दिवशी इथे येऊन वरचा सा लावायचा, असं कोणता गळा सहन करेल? गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, त्याचं त्याला कळतही नाही. कानात प्लग घालत जा. तुला वाटेल त्याने बोलणं अवघड होईल, पण प्लग घातले की स्वतःचा आवाज आतून मोठा ऐकू येतो आणि माणूस खाली बोलायला लागतो. शेजारच्या ऑपरेटरशी हाताच्या खुणा ठरवून घे. क्रेनवाले नाही का खुणांवर काम करत?

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमध, मध, हे सगळं चांगलं, पण त्यातलं काहीही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, आवाज श्वासनलिकेच्या तोंडाशी असतो. तिथे पोचते ती फक्त वाफ. रात्री साध्या पाण्याची दहा मिनिटं वाफ घे, त्यात बाम नको. आणि पाणी दिवसभर थोडं थोडं पी, स्टेजवर चढताना बाटली रिकामी करून उपयोग नाही.

सेकंड शिफ्ट असली की तू रात्री साडेबाराला झोपतोस. मग पहाटे सहाला उठून खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर, लावायचा हट्ट सोड. झोपमोड करून केलेला रियाज अंगी लागत नाही. सकाळी दहाला कर. त्याआधी मला व्यायाम देणाऱ्या बाईंनी शिकवलेलं एक कर. अर्धा ग्लास पाणी घे, त्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडव, ओठ मिटून घे आणि स्ट्रॉमधून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढ. गाल सैल सोड. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. मध्येच जोरात फुटले तर श्वास धसमुसळा आहे, थांबले तर गळा आवळला आहे. पाच मिनिटं हे, मग दहा मिनिटं खर्जातला सा, अर्ध्या आवाजात. त्यापुढे एक मिनिटही नाही, निदान महिनाभर.

आता कोरसचं. तू मनात त्याला शिक्षा म्हणतो आहेस.

दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व बुद्धांपुढे वीणा वाजवून गातो. गाणं संपल्यावर बुद्ध त्याला सांगतात की तुझ्या तारांचा स्वर गाण्याशी जुळतो आणि गाण्याचा तारांशी, दोघांपैकी कुणीच दुसऱ्यावर चढत नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले. गळा किती गोड, तान किती वेगवान, याचं नावही नाही. कुणी कुणावर चढलं नाही, ही दाद. त्या कसोटीवर आपल्या पार्टीत कितीजण उतरतील, तूच बघ.

तुला मागच्या रांगेत आपल्या सगळ्यांत वयस्कर काकांशेजारी मी मुद्दाम उभं केलं. त्यांचा आवाज आता पिकलाय, वर जात नाही. पण बत्तीस वर्षांत मी त्यांना एकदाही शेजाऱ्याच्या वर जाताना ऐकलेलं नाही. त्यांच्या शेजारी उभा राहून त्यांचा आवाज तुला पूर्णवेळ ऐकू आला पाहिजे. आला नाही, तर तू मोठ्याने गातो आहेस. याहून साधं माप मला माहीत नाही.

आणखी एक. आपली पार्टी पेटीच्या ‘काळी एक’ पट्टीला सा धरून गाते, तिथे तू ओढाताण करतोस, कारण तो सोलो तुझ्या पट्टीचाच नाही. पेटीवाल्याच्या सोयीसाठी सगळा कार्यक्रम एकाच पट्टीत ओढायची खोड आपल्याकडे जुनी आहे. पेटी काळी एकला असताना बायका तिच्या मध्यमालाच (‘म’ला) सा धरून काळी तीनमध्ये गातात, तसं तुझंही काहीतरी खालचं शोधू. पट्टी खाली घेण्यात कमीपणा नाही. भीमगीतात शब्द पोचला पाहिजे. आपल्याच जिल्ह्यातल्या, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरओळख शिकले आणि गाणी लिहिली. ती गावोगाव गेली ती लोकांना शब्द कळले म्हणून. वरच्या पट्टीत ताणून गायलास की पहिला बळी जातो तो शब्दांचा. तुझ्या अंतऱ्यातली दुसरी ओळ मला अजून नीट कळलेली नाही, आणि मी तर ती पाठ केली आहे.

बुद्धवंदनेच्या वेळी याहून जपावं लागतं. तिथे पेटी नाही, ढोलकी नाही, नुसता सामूहिक आवाज. काल पंचशील घेताना मी डोळे मिटून ऐकत होते. ‘पाणातिपाता’, म्हणजे जीव घेणं, सगळे दणक्यात म्हणतात, मग श्वास संपतो आणि ‘वेरमणी’ विरून जातं. ‘अदिन्नादाना’चंही तेच. अरे, अदिन्नादाना म्हणजे न दिलेलं घेणं, आणि वेरमणी म्हणजे त्यापासून दूर राहणं. आपण चोरी मोठ्याने म्हणतो आणि दूर राहणं गिळतो! श्वास आधी घे, ‘पाणातिपाता वेरमणी’ एका दमात ने, हवं तर तिथे थांब, मग ‘सिक्खापदं समादियामि’. आणि धम्मं, बुद्धं यातल्या जोडाक्षरांवर क्षणभर टेक, ती निसटू देऊ नकोस.

वंदनेला चाल लावून आळवायचा मोहही टाळ. अंगुत्तरनिकायात बुद्धांनी भिक्खूंना धम्म लांबलचक गाण्याच्या सुरात म्हणण्याचे पाच तोटे सांगितलेत. पहिला हा की म्हणणारा स्वतःच त्या सुरात गुंततो, दुसरा हा की ऐकणारेही गुंततात. आपण गृहस्थ, आपण गाणी गाऊ, जोरात गाऊ. पण वंदना ही वंदनाच राहू दे. आणि पौर्णिमेला अष्टशील घेतलंस तर त्या दिवशी तालमीला येऊच नकोस, त्यात गाणं-वाजवणंही वर्ज्य आहे.

शक्य झालं तर एखाद्या सकाळी एकटा त्रिरश्मी लेणीवर जा. तिथल्या चोवीस लेण्यांत अठरा नंबरचं तेवढं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं वंदनेचं दालन, आहे. गर्दी नसेल तेव्हा आत स्तूपासमोर बस आणि बोलण्याच्या आवाजात ‘नमो तस्स’ म्हण. तिथे दगड आवाज धरून ठेवतो. मोठ्याने म्हटलंस तर मागचं अक्षर पुढच्यावर चढतं आणि सगळा गलका होतो. हळू म्हटलंस, प्रत्येक अक्षराला जागा दिलीस, तर ‘सम्मासंबुद्धस्स’ अख्खं परत येतं. आपल्या पत्र्याच्या हॉलमध्ये हे कधी कळणार नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

पण हे सगळं नंतर. तीन आठवडे घसा बसलेला असला की घशात आत पाहून घ्यायलाच हवं. मंगळवारी तुझी सेकंड शिफ्ट आहे, म्हणजे सकाळ मोकळी. मी साडेनऊला रिक्षा घेऊन सिडकोत तुझ्या घरी येते, डॉक्टरांकडे बरोबर जाऊ. तोपर्यंत पूर्ण मौन. आईलाही हे पत्र वाचायला दे, म्हणजे त्या तुला हाका मारून उत्तर मागणार नाहीत. मंगळवारचं जमतंय की नाही ते कळव. फोन करू नकोस, मेसेज टाक.

तुझी
ताई