पार्सर जनरेटर लिहितोय, म्हणजे ग्रामरवरून (भाषेच्या नियमांवरून) ती भाषा वाचणारा कोड काढणारा प्रोग्राम. ग्रामरमधली लिटरल्स (अवतरणात जसेच्या तसे दिलेले शब्द) सी कोडमध्ये उतरवताना बॅकस्लॅश नक्की किती वेळा एस्केप करायचा, म्हणजे त्याच्यापुढे आणखी बॅकस्लॅश लावायचा?

‘किती वेळा’ हा प्रश्न पडला म्हणजे घोळ आधीच झालाय. ग्रामर वाचतानाच एस्केप उलगडा, पोटात नुसते कोड पॉइंट (अक्षरांचे युनिकोड क्रमांक) ठेवा, आणि कोड लिहिताना त्या भाषेच्या नियमाने नव्याने एस्केप करा. मधल्या टप्प्यात बॅकस्लॅश दिसताच कामा नये.

हेच मी आमच्या टीम लीडना सांगत होतो. बिलिंगचे नियम लिहायला आमची एक छोटी भाषा होती, तिचा पार्सर घरगुती जनरेटरमधून निघायचा. सर म्हणाले, ‘उलगडायचं कशाला? जशीच्या तशी स्ट्रिंग सीमध्ये ढकल. आस्कीबाहेरचं (साध्या इंग्रजी अक्षर-अंक-चिन्हांपलीकडचं) काही आलं तर तेवढ्या बाइटचं हेक्स कर, बॅकस्लॅश-एक्स आणि सोळाच्या पायातला आकडा.’ ढकलली.

मग फ्री डिलिव्हरीसाठी ‘₹’ला चिकटून इंग्रजी शून्य, असं एक लिटरल आलं. ₹ म्हणजे यूटीएफ-८ मध्ये ई२, ८२, बी९. पण सीच्या हेक्स एस्केपला लांबीची मर्यादाच नाही, पुढे हेक्स अंक दिसेल तोवर तो गिळत जातो. बी९ आणि शून्य मिळून झालं बी९०. ते एका बाइटात मावेना, म्हणून जीसीसी या सी कंपायलरने वॉर्निंग देऊन त्याचं ९० केलं, आणि ई२ ८२ ९० म्हणजे ओळीखाली बसलेला चिमुकला इंग्रजी ए! जनरेट झालेल्या फाइलींच्या वॉर्निंग आम्ही बंदच ठेवलेल्या. बाकी रकमांत ₹ आणि आकडा वेगळे टोकन (सुटे तुकडे), त्यामुळे त्या सुरळीत. दोन दिवस गेले. त्यातला पहिला दिवस ‘फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली नसशील’ हे ऐकण्यात.

तुम्ही ऑक्टल (आठच्या पायातला आकडा) वापरा, तेही कायम तीन अंकी: ३४२, २०२, २७१. ऑक्टल तीन अंकांवर थांबतो, पुढचं शून्य सुटं राहतं. हेक्सच हवं असेल तर तिथे अवतरण बंद करून पुन्हा उघडा, सी दोन्ही तुकडे नंतर जोडतो.

ग्रामर निव्वळ आस्की असेल तर सरांची पद्धत बऱ्यापैकी चालते, हे कबूल. तेही ग्रामरमधल्या एकेरी अवतरणात कुणी दुहेरी अवतरण लिहीपर्यंत. लिटरलमध्ये शून्य बाइट येणार असेल तर लांबी वेगळी साठवा, कारण सी तिथेच स्ट्रिंग संपली असं धरतो. आणि उद्या जावा कोड काढणार असाल तर जपून: तिथे बॅकस्लॅश-यू टोकन पाडण्याआधीच उलगडतो, म्हणून त्यापुढे ००२२ (दुहेरी अवतरणाचा क्रमांक) लिहिलंत तर स्ट्रिंग तिथेच संपते. अँटलर हा तयार पार्सर जनरेटर वापरत असाल तर यातलं बहुतेक तोच सांभाळतो.

सरांनी शेवटी काय केलं? जनरेटरला हात न लावता, ‘₹ नंतर एक स्पेस सोडावी’ असा नियम भाषेतच घातला. मी कंपनी सोडली तेव्हाही तो तिथेच होता.