सारखी दिसणारी रसायनं, आणि एम.एस्सी. सोडायचा प्रश्न

वाचक पालकाचं पत्र थोडक्यात: मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला, विषय रसायनशास्त्र. चाचणी न झालेल्या पदार्थाचा विषारीपणा त्याच्यासारख्या माहितीतल्या पदार्थांवरून ओळखतात, यावर तिने कॉलेजात सेमिनार दिला. आता म्हणते, हेच करायचं. घरी दुधाचा धंदा. वडिलांचा प्रश्न असा की, हे काम संगणकच करणार असेल तर एम.एस्सी. सोडून सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स करू द्यावा का?

नमस्कार. एम.एस्सी. अजिबात सोडू देऊ नका.

तुमच्या गोठ्यातलंच उदाहरण देतो. शेंगदाण्याच्या किंवा सरकीच्या पेंडीला बुरशी लागली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. त्याचे बी-१ आणि बी-२ हे प्रकार कागदावर काढले तर जुळी भावंडं वाटतात. फरक फक्त एका दुहेरी बंधाचा. पण बी-१च्या त्या बंधावर यकृतात ऑक्सिजन बसतो, इपॉक्साइड नावाचं क्रियाशील रूप बनतं आणि ते डीएनएला चिकटतं. बी-२ मध्ये तो बंधच नाही, म्हणून ते खूपच सौम्य. बी-१ गाईच्या पोटात गेलं तर दुधात एम-१ होऊन उतरतं. आपल्याकडे त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

नुसती रचना ताडून पाहिली तर संगणक या दोघांना जवळजवळ सारखंच ठरवेल. तो एक बंध महत्त्वाचा का, हे सांगायला रसायनशास्त्र आणि शरीरातल्या घडामोडी दोन्ही कळणारं माणूस लागतं. सारख्या पदार्थांवरून विषारीपणा ओळखायच्या या पद्धतीला रीड-अक्रॉस म्हणतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे इटलीतल्या पार्मा इथल्या इफ्साने, २०२५ मध्ये खास अन्न आणि पशुखाद्यासाठी तिची मार्गदर्शिका काढली. निष्कर्षात अनिश्चितता किती, हे मांडण्यावर तिचा मोठा भर आहे. तुमच्या मुलीचं खरं काम तेच असेल: युक्तिवाद लिहिणं आणि तो तपासणाऱ्याला पटवणं.

नोकऱ्यांचं स्पष्ट सांगतो, क्षेत्र लहान आहे. जाहिरातीत ‘रीड-अक्रॉस’ क्वचितच दिसेल. टॉक्सिकॉलॉजी, रेग्युलेटरी अफेअर्स, प्रॉडक्ट सेफ्टी या नावांखाली शोधा. कीटकनाशकं, औषधं, सौंदर्यप्रसाधनं आणि अन्नातले पूरक पदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांना अशी माणसं लागतात. एम.एस्सी.ला सेंद्रिय रसायनशास्त्र घ्यावं, जोडीला जैवरसायनशास्त्राचा पाया पक्का करावा. पुढे संशोधन करायचं झालं तर लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था आहे, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातही या विषयावर चांगलं काम चालतं. पायथन ही संगणकाची भाषा शिकावीच, पण सुट्टीत. त्यासाठी वर्ष मोडायची गरज नाही.

तिची आवड खरी आहे का, हे पाहायचा एक मार्ग आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचं क्यूसार टूलबॉक्स हे सारखी रसायनं शोधून देणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते तिला डाउनलोड करू द्या. सोयाबीनचं तेल काढायला वापरतात ते हेक्झेन आणि एकच कार्बन जास्त असलेलं हेप्टेन, ही जोडी तिने घ्यावी. हेक्झेन नसांना इजा करतं, मग त्यावरून हेप्टेनबद्दल तसंच म्हणता येईल का, यावर दोन पानं लिहावीत. लिहून झाली की मला पाठवा, मी वाचून कळवतो.