अजाइल टीममध्ये स्क्रम मास्टर असताना डिलिव्हरी मॅनेजर नेमकं काय करतो?

तुम्ही स्क्रम मास्टर आहात आणि डिलिव्हरी मॅनेजरची ऑफर आलीये म्हणून विचारताय; हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि तोही डिलिव्हरी मॅनेजर म्हणून जॉइन झाल्यावर 😀 स्क्रम म्हणजे छोट्या टप्प्यांत (स्प्रिंटमध्ये) काम करायची अजाइल पद्धत. तिची स्क्रम गाइड उघडून बघा, २०२० च्या आवृत्तीत प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा), स्क्रम मास्टर (टीमला ही पद्धत नीट वापरायला मदत करणारा) आणि डेव्हलपर्स एवढेच आहेत, आमचा पत्ताच नाही. त्यामुळे हे पद जो तो आपापल्या सोयीने वापरतो. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल टीम्समध्ये मात्र ते रीतसर पद आहे.

माझ्या अनुभवात खरं काम आहे ते अडकलेल्या कामाचं. आमच्याकडे एक साधा बदल होता, कोडिंग दोन दिवसात उरकलं, पण लाइव्ह जायला तीन आठवडे लागले. रोज स्टँडअपला (टीमच्या छोट्या मीटिंगला) सगळे बिझी, कोणी कामचुकार नाही, तरी काम पुढे सरकेना. मग मी टीमच्या बोर्डवरचं प्रत्येक कार्ड (म्हणजे एकेक काम) कुठल्या कॉलममध्ये, म्हणजे टप्प्यात, कधी आलं त्याच्या तारखा लिहायला लागलो, तेव्हा कळलं की बहुतेक दिवस नुसते वाट बघण्यात गेले होते, आधी रिव्ह्यूसाठी, मग टेस्ट एन्व्हायरन्मेंट (चाचणीसाठीची सिस्टिम) दुसऱ्या टीमने अडवून ठेवलेलं, मग सिक्युरिटीची परवानगी. यातलं रिव्ह्यू सोडलं तर बाकी काहीच डेव्हलपरच्या हातात नव्हतं, त्याला रोज "झालं का" विचारून काय उपयोग?

त्यात एकदम हातात घेतलेली कामं जास्त. बारा कार्डं चालू आणि आठवड्याला चार संपतायत, म्हणजे एकेक कार्ड सरासरी तीन आठवडे घेणारच, साधा भागाकार आहे, याला लिटलचा नियम म्हणतात. आम्ही चालू कामं सहावर आणली, आठवड्याला संपणारी तेवढीच राहिली, तर वेळ दीड आठवड्यावर आला. नवीन काम "आत्ता नाही" म्हणून थोपवताना वरच्यांची बोलणी मात्र मीच खाल्ली, तोही या नोकरीचा भागच.

बाकी रिलीजच्या तारखा, दुसऱ्या टीम्सशी समन्वय, बजेट हे असतंच. स्टोरी पॉइंट्सवरून (टीमने कामाच्या आकाराला दिलेल्या अंदाजी आकड्यांवरून) दोन टीम्सची तुलना तेवढी करू नका, पुढच्या स्प्रिंटला पॉइंट्स आपोआप फुगतात (काम तेवढंच!).

तुम्ही म्हणताय स्क्रम मास्टर आहात आणि ही ऑफर आलीये, तर इंटरव्ह्यूत एवढं विचारा की टीमबाहेर काम अडलं तर ते सोडवायचा अधिकार मला असेल का. उत्तर "तुम्ही फक्त स्टेटस गोळा करून पाठवायचं" असं आलं तर मी तरी ती ऑफर घेणार नाही.